कोटातील वड आणि दलालांची गल्ली

मुंबईच्या शेअरबाजारातील भाव आज बेळगावच्या पेढीवर, इंदूरच्या सराफ्यात, बडोद्याच्या मांडवीत आणि हैदराबादच्या बेगमबाजारात एकाच क्षणी कळतो. ज्याने मुंबई कधी पाहिली नाही अशा व्यापाऱ्याच्याही तोंडी ‘दलाल स्ट्रीट’ हे नाव असते. दुरून हे नाव ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, हा कोणी भव्य राजमार्ग असावा आणि त्याच्या दुतर्फा कुबेराचे वाडे उभे असावेत. प्रत्यक्ष पाहू जाता ती एक अरुंद आणि बोलता बोलता संपणारी गल्ली आहे.

आमच्या भाषेत ‘दलाल’ हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नाही. देणारा आणि घेणारा ह्यांच्या मध्ये उभा राहून आपला हिस्सा काढणारा, एवढाच त्याचा अर्थ लोक घेतात. परंतु ह्या गल्लीने तोच शब्द नाव म्हणून धारण केला आणि त्याला जगाच्या बाजारात मान मिळवून दिला. हा मान कशाच्या बळावर मिळाला, तो कितीदा धुळीस मिळाला आणि प्रत्येक वेळी त्यातून काय शिल्लक राहिले, ह्याचा वृत्तान्त व्यापाऱ्याने तरी जाणून घ्यावा असा आहे. त्यातील काही नवलाच्या गोष्टी आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तट नसलेला कोट

ही गल्ली ज्या भागात आहे त्याला सर्व जग ‘फोर्ट’ म्हणते. जुने मुंबईकर मराठीत त्याला ‘कोट’ म्हणत. आज त्या भागात हिंडणाऱ्यास ना तट दिसतो, ना बुरूज, ना दरवाजा. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर ह्यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १८६२ नंतरच्या काही वर्षांत, शहराचा तट पाडून टाकण्यात आला. तट गेला, नाव मात्र राहिले. चर्चगेट ह्या नावाचीही हीच कथा. सेंट टॉमसच्या देवळाकडे जाणारा तटाचा दरवाजा तो चर्चगेट. तो जेथे होता तेथे १८६४ साली फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले, आणि त्याच चौकात पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक झाले. दरवाजाचे नाव तेवढे दूरच्या रेल्वे स्थानकाकडे राहिले. सेंट टॉमसचे हे देऊळ १७१८ सालच्या नाताळात उघडले गेले, आणि मुंबईतील मैलांचे दगड त्याच्यापासून अंतर मोजून रोवले जात. व्यापारी नगरीचे शून्य अंतर देवळाच्या दाराशी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ह्या कोटाभोवती खंदक कसा आला, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष वाटेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. मराठ्यांची फौज खाडीपलीकडे येऊन ठेपल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणावयाचे ठरले, आणि त्या कामासाठी शहरातील प्रमुख देशी व्यापाऱ्यांनी आपल्या पदरचे ३०,००० रुपये वर्गणी म्हणून दिले. खंदकाचा सर्व खर्च त्याहून कितीतरी अधिक झाला. तथापि ह्या वर्गणीवरून एवढे दिसते की, कोटाचे रक्षण हे केवळ सरकारचे काम नसून आपलेही आहे, असे पेढीवाल्यांस तेव्हाच वाटू लागले होते.

नीमा पारखाच्या अटी

व्यापारी ह्या बेटावर आले कसे, ह्याचे उत्तर त्याहून जुन्या एका कागदात सापडते. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीस दरसाल दहा पौंड भाड्याने दिले. त्या काळी सुरत ही लक्ष्मीची नगरी होती आणि मुंबई रोगट हवेची, कोळ्यांच्या वस्तीची जागा. अशा ठिकाणी सुरतेचा किंवा दीवचा सावकार यावा कशासाठी? गव्हर्नर जेराल्ड आँजिए ह्याने हे ओळखले की, व्यापारी बोलावावयाचा तर त्याला आधी निर्भय केले पाहिजे.

१६७७ साली दीवचा नीमा पारख नावाचा एक प्रतिष्ठित वाणी व्यापारी मुंबईस येण्यास तयार झाला. मात्र त्याने आधी आपल्या अटी लिहून पुढे ठेवल्या. घरासाठी व वखारीसाठी बिनभाड्याची जागा मिळावी ही एक अट. पण अधिक महत्त्वाच्या अटी निराळ्याच होत्या. आपल्या घरात आपला धर्म पाळण्यास कोणी आडकाठी करू नये, आपल्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, आणि कोणावर धर्मांतराची बळजबरी होऊ नये. कंपनीने ह्या अटी बहुतांशी मान्य केल्या.

मालावरील जकात किती आणि व्याजाचा दर काय, हे विचारण्यापूर्वी एका व्यापाऱ्याने आपल्या उंबरठ्याच्या आत प्राणी मारला जाणार नाही ह्याची हमी मागितली, आणि बंदुका बाळगणाऱ्या कंपनीने ती दिली, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे ज्या वस्तीत कोट्यवधींचे व्यवहार तोंडी शब्दावर झाले, तिच्या मुळाशी असा एक शब्द होता. तो पाळला जाईल असा भरवसा वाटल्यावाचून पेढ्या सुरतेहून हलल्या नसत्या.

हिरवळ, कापूस आणि लॉटरीचे सभागृह

कोटाच्या मध्यभागी एक मोकळे मैदान होते. त्याला इंग्रज ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. हिरवळीचे ते मैदान, पण हंगामात तेथे हिरवे काही दिसतच नसे. सगळीकडे कापसाच्या गाठींच्या राशी. अखेर १८४४ साली कापसाचा बाजार तेथून कुलाब्यास नेण्यात आला. ‘ग्रीन’ हे नावही कापसाबरोबर गावभर फिरले. आज शिवडीजवळ रेल्वेचे कॉटन ग्रीन हे स्थानक आहे ते त्याचीच आठवण होय.

मैदानाच्या एका बाजूस टाउन हॉल उभा आहे. त्याच्या रुंद पायऱ्या आणि जाड खांब पाहून हे राजाच्या खजिन्यातून झालेले काम असावे असे वाटते. वस्तुतः त्याच्या बांधकामासाठी लॉटरी काढून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला होता. तो पुरा पडला नाही, तेव्हा उरलेला भार कंपनीने उचलला आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. नशिबाच्या चिठ्ठ्यांनी ज्याचा आरंभ झाला त्याच सभागृहापुढे पुढे शेअरांचा बाजार भरावा, हा योगायोग पाहून गंमत वाटते.

ह्याच मैदानाभोवती नंतर अर्धवर्तुळाकार इमारती उठल्या आणि १८७० नंतर त्यास एल्फिन्स्टन सर्कल हे रूप आले. ही कल्पना एका पोलीस कमिशनरची, चार्ल्स फॉर्जेट ह्याची. म्युनिसिपालिटीने सारी जागा विकत घेऊन तिचे तुकडे पाडून विकले आणि त्यात चांगला नफा मिळविला. स्वातंत्र्यानंतर त्या चौकास हॉर्निमन सर्कल हे नाव मिळाले. हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक. हिंदुस्थानची बाजू घेतल्याबद्दल इंग्रज सरकारनेच त्यांना १९१९ साली देशाबाहेर घालविले होते.

वडाखालचे पाच जण

टाउन हॉलच्या समोर वडाची झाडे होती. १८५५ च्या सुमारास त्यांच्या सावलीत शेअरांची देवघेव करणारे पाच दलाल जमत, त्यांत चार गुजराती व एक पारशी होते, असे मुंबई शेअरबाजाराच्या परंपरेत सांगितले जाते. आशियातील सर्वांत जुन्या शेअरबाजाराचा हा आरंभ होय. ह्या मंडळींजवळ ना कचेरी, ना पाटी, ना घंटा.

त्यांच्यापाशी विकावयास तरी काय होते? १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचे आणि आणखी थोड्या बँकांचे व गिरण्यांचे शेअर. भागीदारांच्या कंपन्यांची नोंद करण्याचा कायदा १८५० साली झाला आणि भागीदाराची जबाबदारी त्याच्या शेअरापुरती मर्यादित करणारा कायदा १८५७ साली. म्हणजे वडाखाली दलाल जमू लागले त्या वेळी बुडालेल्या कंपनीच्या कर्जापायी भागीदाराचे घरदार जाण्याचा संभव होता. अशा जोखमीचा कागद एकाने दुसऱ्याच्या शब्दावर घ्यावा, ह्यासाठी मधल्या माणसाची पत किती पक्की असावी लागत असेल ह्याची कल्पना हुंडीचा व्यवहार केलेल्या आमच्या वाचकांस सहज येईल.

१८६० पर्यंत दलालांची संख्या साठाच्या आसपास गेली. त्यांच्यात एक तरुण पुढे आला. सुरतेच्या जैन कुटुंबातील प्रेमचंद रायचंद, जन्म १८३१. इंग्रजी लिहिता वाचता येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. त्या एका विद्येने त्यांच्यासाठी इंग्रज बँकांची दारे उघडली.

कापसाची धुंदी

१८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्या प्रांतांत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा अमेरिकन कापूस तुटला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. पाहता पाहता कापसाचे भाव कितीतरी पटींनी चढले. लोक गाद्या उसवून जुना कापूस विकू लागले, असे त्या काळाविषयी सांगतात. युरोपशी तारेने जोडणारा मार्ग १८६५ पर्यंत खुला झालेला नव्हता. लिव्हरपूलचा भाव टपालाच्या आगबोटीतून येई. म्हणून प्रेमचंद आपल्या जलद होड्या समुद्रात पुढे पाठवून ती बातमी इतरांच्या आधी हस्तगत करीत, अशीही आख्यायिका आहे.

आलेला पैसा जमिनीत पुरून ठेवण्याची जुनी रीत होती. आता तो शेअरांत जाऊ लागला. १८५५ साली मुंबईत काही विमा कंपन्यांखेरीज ह्या तऱ्हेचे फारसे काही नव्हते. जानेवारी १८६५ मध्ये पाहावे तो ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या. समुद्र बुजवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर ५,००० रुपये भरलेला; त्याचा भाव ५०,००० च्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला. दलालांची संख्या दोनशेच्या वर गेली. टाउन हॉलपुढची सावली त्यांना अपुरी पडू लागली आणि बाजार मेडोज स्ट्रीटच्या नाक्यावरील वडांखाली गेला.

ह्याच धामधुमीत, १८६३ साली, ‘मुंबईचे वर्णन’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते गोविंद नारायण माडगांवकर हे मूळचे गोव्याचे. मुंबई शहराचे मराठीतील हे पहिले सविस्तर वर्णन एका गोमंतकीयाने लिहिले, ही गोष्ट आमच्या गोव्याच्या सभासदांस अभिमानाची वाटेल.

एक जुलै

ह्या साऱ्या डोलाऱ्याच्या बुडाशी एक दोष होता. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेस शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. शेअर गहाण टाकून कर्ज घ्यावे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावे, त्यामुळे भाव चढावा, आणि चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज मिळावे, असे हे चक्र. तारण आणि कर्ज एकाच वाऱ्याने फुगत होते. शिवाय पुष्कळसे सौदे वायद्याचे. माल आज ठरवावयाचा, पैसे व कागद मात्र १ जुलै १८६५ रोजी द्यावयाचे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले. ती बातमी मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला आणि त्याबरोबर शेअर कोसळले. आता वायद्याची साखळी पाहा. पहिल्याने दुसऱ्यास विकले, दुसऱ्याने तिसऱ्यास, तिसऱ्याने चौथ्यास. दुसऱ्याच्या वहीत जितके देणे तितकेच येणे, म्हणून तो निश्चिंत. परंतु चौथा बुडाला की तिसऱ्याचे येणे बुडते, तिसरा हात वर करतो, आणि ज्याने स्वतः एक पैही उधळली नाही असा दुसराही दिवाळखोर ठरतो. १ जुलै उजाडला तेव्हा अशा शेकडो साखळ्या एकदम तुटल्या. २,८५० चा बँकेचा शेअर पुढे ८७ रुपयांस विकला गेला. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. ती पुढे १९२१ मध्ये इंपीरिअल बँकेत विलीन झाली, आणि इंपीरिअल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली. आज गावोगाव दिसणाऱ्या स्टेट बँकेच्या वंशवृक्षात हे दिवाळेही आहे.

कायद्याचा आधारही अशा वेळी तोकडा होता. केवळ पैजेच्या स्वरूपाच्या कराराची दाद न्यायालयात लागत नसे, आणि भावातील फरकावर केलेले अनेक सौदे त्या व्याख्येत ओढता येण्यासारखे होते. म्हणजे ज्याला देणे टाळावयाचे त्याला पळवाट होती. अशा काळात माणसाची पारख झाली. जमशेटजी टाटा त्या वेळी विलायतेत आपल्या वडिलांच्या पेढीचे काम पाहत होते. हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्यावर ते धनकोंपुढे स्वतः गेले आणि खरी स्थिती त्यांनी उघड सांगितली. धनकोंनी त्यांच्या सचोटीवर विश्वास ठेवून देण्याघेण्याचा निकाल लावण्याचे काम त्यांच्याच हाती सोपविले. पेढी गेली, पत राहिली, आणि पुढील सारे वैभव त्या पतीवर उभे राहिले.

मातेच्या नावाचा मनोरा

प्रेमचंद रायचंद ह्यांचे काय झाले? बाजार चढविण्यात जसा त्यांचा हात मोठा होता, तसाच पडतानाचा तडाखाही त्यांनाच मोठा बसला. बँक ऑफ बॉम्बेच्या चौकशीत त्यांना मिळालेल्या कर्जांचा आणि बँकेच्या अधिकाऱ्यांवरील त्यांच्या वजनाचा विषय ठळकपणे निघाला. हे झाकून त्यांचे गुणगान करणे आम्हांस योग्य वाटत नाही. एकाच पुरुषाच्या शब्दावर सारा बाजार चालू लागला की त्या शब्दाला प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

परंतु भरतीच्या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये त्यांनी दिले. मनोऱ्यास आपल्या मातेचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. १८६९ साली मनोऱ्याचे काम सुरू झाले आणि १८७८ साली पुरे झाले. नकाशा विलायतेतील सर गिल्बर्ट स्कॉट ह्यांचा, उंची २८० फूट, खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. वर्षांकडे लक्ष द्यावे. ज्या कमाईतून हे दान झाले ती कमाई १८६५ साली वाहून गेली, आणि मनोऱ्याचा पहिला दगड त्यानंतर चार वर्षांनी बसला. राजाबाईंची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले ऐकू येतील असा मनोरा मुलाने बांधविला, अशी लोककथा आहे. कथेचा आधार काहीही असो, चौविहार पाळणाऱ्या घरांत ती अजून मोठ्या प्रेमाने सांगितली जाते.

त्यांनी कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळविणाऱ्यांत, १८९७ साली, जदुनाथ सरकार हे एक होते. तेच पुढे शिवाजीमहाराजांचे आणि मोगल साम्राज्याचे थोर इतिहासकार झाले. अमेरिकेच्या युद्धात चढलेला कापूस, सुरतेच्या जैन दलालाचे दान आणि शिवकालाचा बंगाली अभ्यासक, ह्या तिहींची अशी गाठ पडेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. प्रेमचंद सावरले, पुन्हा व्यापारात उतरले आणि १९०६ साली निवर्तले. त्यांनी मिळविलेले बहुतेक गेले. दिलेले मात्र आजही उभे आहे.

एक रुपयाची वर्गणी

पोळलेल्या दलालांनी आता संघटना करण्याचे मनावर घेतले. १८७४ साली त्यांना बसण्याउठण्याची कायमची जागा मिळाली आणि तीच दलाल स्ट्रीट झाली. १८७५ साली ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. आरंभीचे सभासद ३१८ आणि प्रवेशाची वर्गणी एक रुपया. दलालांचे शील, दर्जा आणि हित ह्यांचे रक्षण करणे हे तिच्या उद्देशांत होते. येथे शीलाचा उल्लेख हिताच्या आधी येतो. दहा वर्षांपूर्वीचा १ जुलै ज्यांच्या स्मरणात ताजा होता त्यांनीच हा क्रम ठरविला असला पाहिजे. १८९९ साली दलालांचे स्वतःचे सभागृह उघडले, आणि १९५६ च्या कायद्याखाली ३१ ऑगस्ट १९५७ रोजी ह्या बाजारास सरकारची मान्यता मिळाली.

त्या सभागृहातील रिंगणात दशकानुदशके ओरडून आणि हातवारे करून सौदे होत. एकाने भाव पुकारला, दुसऱ्याने हात केला, दोघांनी आपापल्या वहीत टिपले, की व्यवहार पक्का. सही नाही, साक्षीदार नाही. रिंगणातील भाषाही आमच्याच पेढ्यांची होती. रोज तेथल्या तेथे घेऊन विकणारा तो तरवणीवाला. भाव चढेल म्हणणारा तेजीवाला, उतरेल म्हणणारा मंदीवाला. सौदा पुऱ्या पैशाने न फेडता व्याज देऊन पुढल्या वळणावर ढकलणे म्हणजे बदला. हा बदला जुलै २००१ मध्ये कायमचा बंद झाला. १ जुलै १८६५ ची कथा वाचलेल्यास त्याचे फारसे नवल वाटणार नाही, कारण उद्यावर टाकलेले देणे साठत गेले की काय होते हे ह्या गल्लीने फार पूर्वी पाहिले होते.

वडापासून पडद्यापर्यंत

ज्या ‘सेन्सेक्स’चा आकडा आज घरोघर ऐकू येतो तो १ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात तीस कंपन्या घेतल्या आणि १९७८-७९ हे वर्ष १०० मानले. १९९० च्या जुलैत तो प्रथम १,००० वर पोहोचला. १९९२ साली बँकांचा पैसा आडमार्गाने शेअरांत ओतल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि बाजार पुन्हा कोसळला. सव्वाशे वर्षांनी तोच रोग, बँकेच्या पैशावर भाव फुगविण्याचा. मधल्या काळात फक्त नावे बदलली होती.

१२ मार्च १९९३ चा शुक्रवार तर साऱ्या शहरावरचा घाला. त्या दिवशी मुंबईत ठिकठिकाणी झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मृत्यू पावली. त्यांतला पहिला स्फोट शेअरबाजाराच्या इमारतीच्या तळघरात झाला. पुढील सोमवारी बाजार पुन्हा उघडला. ज्यांच्या शेजारचा सोबती गेला ते लोक तिसऱ्या दिवशी कामावर आले, ह्याला केवळ धनलोभ म्हणता येणार नाही. दिलेले सौदे पुरे करावयाचे होते.

मार्च १९९५ मध्ये संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू झाले आणि रिंगणातील आरोळी थांबली. १९९६ पासून शेअरांचा कागदही हळूहळू गेला व खात्यातील नोंद राहिली. जानेवारी २०२३ अखेर सर्व शेअरांचा हिशेब सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होऊ लागला. १८६५ साली ज्या हिशेबाची लोक महिनेच्या महिने वाट पाहत होते तो आता एका रात्रीवर आला. बाजाराच्या दारात २००८ पासून काशाचा एक धष्टपुष्ट वळू उभा आहे. तेजीचे चिन्ह म्हणून लोक त्याची छबी काढतात. तो घडविणारे शिल्पकार भगवान रामपुरे हे सोलापूरचे, ही गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक असते.

आता दलाल स्ट्रीटवर सौद्यासाठी कोणी जमत नाही. बेळगावात किंवा ग्वाल्हेरीत बसून बोटाने पडद्यास स्पर्श केला की खरेदी होते. वडाच्या सावलीत दोन माणसे एकमेकांचे तोंड पाहून शब्द देत. आता देणाऱ्यास घेणारा दिसतही नाही. यंत्राने हिशेब चोख केला, विलंब घालविला, साखळीचे पुष्कळसे भय कमी केले. एक गोष्ट मात्र त्याला आपल्यासाठी करता येत नाही. आपल्या ऐपतीबाहेरचा शब्द देऊ नये, आणि उसन्या पैशाने फुगलेल्या भावाला आपली कमाई समजू नये, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

आमच्या संघाच्या सभासदांपैकी फार थोडे शेअरांचे दलाल असतील. कोणी कापडाचा व्यापारी, कोणी धान्याचा, कोणी भांड्यांचा, कोणी सराफ. तरीही ही गल्ली आम्हां सर्वांची आहे, कारण ज्या मालावर ती उभी राहिली तो माल प्रत्येकाच्या दुकानात असतो. त्याला पत म्हणतात. मुंबईस गेल्यावर दलाल स्ट्रीटवरील उंच इमारत अवश्य पाहावी. मग थोडे चालून राजाबाईच्या मनोऱ्याखाली उभे राहावे आणि घड्याळाचे टोले ऐकावेत. ह्या वस्तीच्या जमाखर्चात अखेर कोणत्या बाजूस काय शिल्लक राहिले, ते तेथे कोणी न सांगताही कळते.